दाराकडची ओळ

ता. ११ जानेवारी

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, त्याबद्दल आधी माफ कर. भिंगरी माझ्याकडे राहायला आली त्याच आठवड्यात लिहायला बसलो होतो. पण 'तुझी लेक सुखरूप पोचली' याच्या पुढे काही सुचेना, आणि एवढ्यासाठी पाकीट वाया घालवणं बरं दिसेना. मग चष्म्याची काडी मोडली. मग थंडी पडली. सबबी सांगत बसलो तर त्यातच पान भरेल. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू 'बरं' म्हणतेस, पुन्हा 'बरं' म्हणतेस आणि ठेवतेस. शिवाय या घरात भिंतींना कान नाहीत, तुझ्या लेकीला आहेत.

तुम्हा मायलेकींचं काय बिनसलं ते मला कुणी धड सांगितलेलं नाही. ती शिक्षिका होण्याचं शिकते आहे, त्यात काही महिने शाळेत जाऊन दुसऱ्यांचे वर्ग बघायचे असतात आणि नंतर स्वतः पाठ घ्यायचे असतात, आणि ते तिनं तुझ्या शाळेत न करता इथल्या शाळेत करायचं ठरवलं, यावरून तुमचं वाजलं, एवढंच मला ठाऊक. तू इतकी वर्षं शिकवतेस, तुझं नाव आहे, आणि पोटची पोर तुझी शाळा सोडून आजोबाच्या गावची शाळा धरते म्हटल्यावर तुला लागणारच. मी तिची बाजू घेत नाही. तुझीही घेत नाही. मला फक्त झोप लागत नाही.

आता ती काय करते ते ऐक. सकाळी डबा घेऊन जाते आणि वर्गात शेवटच्या बाकावर बसते. पहिल्या दिवशी मी विचारलं, "काय शिकवलंस?"

"नाना, अजून शिकवायचं नाही. बघायचं."

"नुसतं बघायला कॉलेज कशाला लागतं? मी दिवसभर खिडकीतून बघतोच की."

"मग काय दिसलं आज?"

मला काही सांगता येईना. म्हटलं, दूधवाला गेला. ती म्हणाली, तो रोज जातो, आज त्याचं काय वेगळं होतं? घ्या!

पण तिचीही तीच गत झाली. पहिल्या आठवड्यात तिनं पानंच्या पानं लिहिली. बाईंचा आवाज कसा, फळ्यावरचं अक्षर कसं, बाई कुठं उभ्या राहतात. कॉलेजच्या मॅडमनी वाचलं आणि म्हणाल्या, "बाईंचं सगळं आलं. वर्गात मुलं होती का?" पोरगी तोंड एवढंसं करून घरी आली. दुसऱ्या दिवसापासून फळ्याकडे बघायचंच सोडलं. आता मुलांच्या माना बघते, हात बघते, बाकाखालचे पाय बघते. म्हणते, मुलांना धडा कळला की नाही ते पायांवरून कळतं. मला हे जरा अतीच वाटतं, पण तुला माहीत असेल.

एक गोष्ट मात्र मला पटली. बाई विचारतात, "समजलं का?" सगळा वर्ग म्हणतो, "हो!" ती म्हणते, ज्याला सगळ्यात कमी समजलेलं असतं तो सगळ्यात मोठ्यानं 'हो' म्हणतो, कारण त्याला पुढचा प्रश्न नको असतो. हे तिनं शिकून आणलं आणि वापरलं कुणावर? माझ्यावर. डोळ्यांत घालायच्या औषधाबद्दल डॉक्टर बोलले तेव्हा मी 'हो, हो' म्हणत होतो, हे तिनं पाहिलं. घरी आल्यावर म्हणाली, "समजलं का असं मी विचारणार नाही. बाटली घ्या आणि मला दाखवा." दाखवलं, तर मी उजव्या डोळ्याचं डाव्यात घालत होतो. काळजी करू नकोस, आता नीट चाललंय.

ती बरी आहे. वाळली आहे असं मला वाटतं, पण मला सगळेच वाळलेले दिसतात. हे पत्र लिहिल्याचं तिला कळू देऊ नकोस. अक्षराकडे आणि चुकांकडे बघू नकोस, तुझा हात लगेच लाल पेनाकडे जातो. पाचवीतून शाळा सोडून सायकली दुरुस्त करत बसलेल्या माणसाचं पत्र आहे हे.

तुझे
नाना

ता. २३ जानेवारी

चि. ताईस आशीर्वाद.

तुझं उत्तर नाही. कामात असशील. हे पत्र मात्र लगेच वाच, कारण माझ्या जिवात जीव नाही. तुझ्या लेकीचं वर्ष जायची वेळ आली आहे.

ती सातवीच्या वर्गात भूगोलाच्या बाईंचे तास बघते. बाईंचा शाळेत दबदबा आहे, मुलं त्यांच्यावर जीव टाकतात. तर आपल्या भिंगरीनं कागदावर त्यांच्या वर्गाचा नकाशा काढला. एकेका मुलाचा एकेक चौकोन, आणि बाईंनी ज्याला प्रश्न विचारला त्याच्या चौकोनात ठिपका. काही दिवसांनी खिडकीकडच्या ओळीला गोवर आल्यासारखे ठिपके आणि दाराकडची ओळ कोरीच्या कोरी. मला तिनं तो कागद दाखवला तेव्हा मी म्हटलं, "छान. घडी करून ठेव." त्याच वेळी चुलीत घालायला हवा होता.

शिक्षकांच्या खोलीत चहा चालला होता. सगळे होते. ही बाईंना म्हणते, "बाई, एक गंमत सांगू? दाराकडच्या ओळीला तुम्ही एकदाही विचारत नाही."

मग खेळाचे सर म्हणाले, "म्हणजे दाराकडची पोरं नशीबवान!" आणि हसले. झालं. बाईंनी कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "उद्यापासून माझ्या वर्गात येऊ नकोस."

आता बाईंची सही नाही तर तिचे तास भरत नाहीत. तास भरले नाहीत तर शेवटचा पाठ घेता येत नाही. तो पाठ परीक्षकांसमोर असतो आणि तो झाला नाही तर वर्ष फुकट. हे तिनं मला जेवताना असं सांगितलं, जसं काही शेजारच्या मुलीबद्दल बोलते आहे.

मी म्हटलं, "माफी माग."

"कशाची? खोटं बोलले का?"

"खरं बोललीस, पण चारचौघांत बोललीस."

"मी गंमत म्हणून सांगितलं, नाना."

"गंमत आपली होते की दुसऱ्याची, ते बघून सांगावी."

"आणि त्या ओळीतल्या मुलांचं काय? त्यांना विचारा की कुणीतरी. वर्षभर हात वर करून बसायचं, आणि समोरचं माणूस आपल्यावरून नजर अशी नेतं, जशी काही आपण भिंतच..."

एवढं बोलून ती उठली आणि पातेलं घासायला बसली. इतकं घासलं की आता त्यात माझं तोंड दिसतं. ताई, ती त्या मुलांबद्दल बोलत होती असं मला वाटेना. तुला काही कळतं का?

तू शिक्षिका आहेस. अशा वेळी काय करायचं असतं ते सांग. तिला नको कळवूस, मला कळव. मी माझ्या तोंडानं सांगेन.

नाना

ता. २ फेब्रुवारी

चि. ताईस आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. 'तिला म्हणावं, माफी माग.' एवढंच? जागा बरीच शिल्लक होती.

मी तिला ते दाखवलं नाही, पण तिनं टेबलावर तुझं अक्षर ओळखलं. वाचून म्हणाली, "आई बाईंच्याच बाजूची असणार." मग मला विचारलं, "तुम्ही तिला लिहिता?" मी म्हटलं, कधीमधी. तिनं पुढे काही विचारलं नाही. मला वाटलं होतं, आकांडतांडव करील. ते केलं असतं तर बरं झालं असतं.

आता एक सांगतो, रागावू नकोस. मागच्या पत्रात लिहिलं नाही, कारण तेव्हा नुसता विचार होता. नंतर मी तो अमलात आणला. इस्त्रीचा शर्ट घातला आणि मधल्या सुट्टीत शाळेत गेलो. शिपायानं विचारलं, कुणाचे पालक? मी म्हटलं, शेवटच्या बाकावरच्या मुलीचा. तो बिचारा सगळ्या वर्गांची नावं घेत बसला.

भूगोलाच्या बाई व्हरांड्यात भेटल्या. मी हात जोडले. म्हटलं, "पोरगी चुकली. लहान आहे."

"बावीस वर्षांची आहे."

"मला लहानच. तुम्ही मोठं मन करा. सही द्या."

बाई मला एका रिकाम्या वर्गात घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "आजोबा, ती चुकलेली नाही. चुकली असती तर मी हसून सोडून दिलं असतं." त्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या एकट्याच वर्गात उभ्या राहिल्या होत्या म्हणे. फळ्यावर लिहून बघितलं. लिहीत लिहीत माणूस खिडकीच्या टोकाला पोचतं, तिथूनच मागे वळतं, आणि समोर खिडकीकडची ओळ. "इतकी वर्षं मी तिथंच वळते आहे," म्हणाल्या. "किती मुलं दाराकडे बसून गेली असतील."

मला वाटलं, आता सही देतील. पण म्हणाल्या, "सही मागायला तिला येऊ द्या. तुम्ही नका येऊ. आणि मी हे बोलले ते तिला सांगू नका. मला तिला एक शिकवायचंय, ते सांगून कळणारं नाही."

मी कबूल केलं आणि मुकाट्यानं घरी आलो. पण खेळाच्या सरांचं तोंड कोण धरणार? त्यांनी भिंगरीला सांगितलं, "तुझे आजोबा येऊन तुझ्या वतीनं माफी मागून गेले." त्या संध्याकाळी तिनं मला जेवायला वाढलं, पण 'आणखी हवं का' असं विचारलं नाही. मला आणखी हवं होतं. पण मी मागितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती आपण होऊन बाईंकडे गेली. म्हणाली, "चारचौघांत बोलले याची माफी मागते. जे बोलले त्याची नाही." पण बाई म्हणाल्या, "ठीक आहे. गुरुवारचा तास तू घे. मी मागे बसते."

गुरुवार परवा आहे. नदीचा पाठ आहे. सध्या घरात मीच सातवीचा वर्ग. मी म्हटलं, जिथून पाणी येतं ते नदीचं तोंड, समुद्राकडे कसलं तोंड? ती म्हणाली, "नाना, इतकं हुशार मूल वर्गात निघालं तर माझं कसं होणार?" म्हणजे राग गेला. थोडा तरी.

नाना

ता. ९ फेब्रुवारी

ताई,

आज मायना वगैरे लिहीत नाही. सावकाश वाच. एकटी असशील तेव्हा वाच.

गुरुवारी ती पाठ घेऊन आली ती थेट न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून बसली. मी दाराबाहेर उभा. विचारलं, पाठ विसरलीस का? पोरांनी गोंधळ घातला का? शेवटी म्हटलं, "पाणी वाया चाललंय." तेव्हा नळ बंद झाला आणि ती बाहेर आली.

पाठ चांगला झाला होता. चित्रं छान होती, मुलं रमली होती. दाराकडच्या ओळीला तर तिनं इतके प्रश्न विचारले की ती पोरं गांगरून गेली. कधी नाही ते कुणी विचारतंय! एकाला उत्तर येईना तर ही थांबली, दम धरला, आणि त्याचं त्यानं सांगितलं. ही हवेत. तास संपला, मुलं बाहेर पडू लागली, तेव्हा खिडकीकडची एक मुलगी हिच्याजवळ आली आणि विचारलं, "बाई, तुम्ही आमच्यावर रागावलात का?"

हिला कळेना. "का गं?"

"मी सारखा हात वर केला. तुम्ही बघितलंत आणि दुसरीकडे बघितलंत."

मागून भूगोलाच्या बाई आल्या. त्यांनी त्या दिवशी हिच्यासारखाच नकाशा काढला होता. खिडकीकडची ओळ कोरी. बाई म्हणाल्या, "मी एका ओळीला विसरले, तू दुसरीला. फरक एवढाच की मी नकळत विसरले आणि तू ठरवून. का ठरवलंस ते मला माहीत आहे. तुला न्याय करायचा होता. पण त्या मुलीला ते कसं कळावं?" आणि सही दिली.

हे सगळं सांगून झाल्यावर भिंगरी म्हणाली, "नाना, मी सातवीत आईच्या वर्गात होते."

मला ते ठाऊक होतंच. पुढचं ठाऊक नव्हतं. त्या अख्ख्या वर्षात तू तिला एकही प्रश्न विचारला नाहीस. ती हात वर करायची, तू बघायचीस आणि शेजारच्या मुलीला उठवायचीस. नंतर तिनं हात वर करणं सोडलं. ती मला म्हणाली, "मला वर्षभर वाटायचं, आई माझ्यावर कशावरून तरी रागावली आहे. काय चुकलं ते शोधायचे. घरी आली की ती नेहमीसारखीच, मग वाटायचं, घरी दाखवत नाही. विचारायचं धाडस झालं नाही. आज त्या मुलीनं विचारलं."

तुझ्या शाळेत ती का आली नाही, ते मला तेव्हा कळलं. तुझ्या वर्गात मागच्या बाकावर बसून पुन्हा तुला बघायचं तिच्या जिवावर आलं. वाईट काही नव्हतं तिच्या मनात.

मग मी जे केलं ते तुला न विचारता केलं. त्या वर्षी तू मला काय सांगायचीस ते मी तिला सांगितलं. तू सुट्टीत इथं आलीस की म्हणायचीस, "नाना, पोरीला सगळं येतं. ओठ हलतात तिचे, मला दिसतं. पण विचारू कशी? लोक म्हणतील, बाई आपल्याच लेकीला पुढे करतात." एकदा तर तू म्हणालीस, तिचा हात वर दिसला की मला फळ्याकडे तोंड करावं लागतं. आठवतं? मला आठवतं, कारण तेव्हा तू इथंच जेवणाच्या टेबलाशी बसली होतीस आणि जेवली नव्हतीस.

तिनं ते ऐकलं. म्हणाली, "आई असं म्हणाली होती?"

"अनेकदा."

"मग मला का नाही म्हणाली?"

म्हटलं, ते तिलाच विचार. ती म्हणाली, "ठरवून केलं होतं म्हणजे." आणि उशी झटकत, "आज मीही ठरवूनच केलं की." मग अंथरूण घालून भिंतीकडे तोंड करून झोपली. झोपली नव्हती, मला कळतं.

ताई, मी तुला दोष देत नाही. लोकांच्या तोंडाला तू घाबरलीस, आणि लोकांची तोंडं मी बघितलेली आहेत. पण ती दहा वर्षं तुझ्या रागाचं कारण शोधते आहे आणि राग तर नव्हताच. हे तुला कळायला हवं म्हणून लिहिलं. लिहून चूक केली असेल तर माझ्या वयाकडे बघ.

नाना

ता. १६ फेब्रुवारी

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

मागचं पत्र पोचलं का? पोचलं नसेल तर मी मूर्खासारखं पुढचं लिहितो आहे. पोचलं असेल आणि तू रडत बसली असशील तर डोळे पूस आणि वाच, कामाचं आहे.

भिंगरीचा शेवटचा पाठ पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला आहे, सकाळी, दुसरा तास. वर्ग तोच सातवीचा. आता ती फळ्यावर लिहून झाल्यावर चालत मधोमध येते आणि मगच वळते. भूगोलाच्या बाईही आता तसंच करतात, असं शिपाई सांगत होता. मला शाळेत जायची बंदी आहे, पण तो सायकलला हवा भरायला आमच्याच गल्लीत येतो.

बाईंनी तिला विचारलं, घरचं कुणी बघायला येणार का? येता येतं म्हणे. परीक्षकांच्या शेजारी बाक असतो. नियम एवढाच की तिथं बसणाऱ्यानं तासभर तोंड उघडायचं नाही. पाठ घेणारीनंही त्यांच्याशी बोलायचं नाही. मी म्हटलं, तुम्हा मायलेकींना याहून सोयीची जागा जगात सापडायची नाही. ती हसली नाही. पण रागावलीही नाही.

मग म्हणाली, "तुम्ही आईला लिहिणार असाल ना?"

मी म्हटलं, "लिहू का?"

"लिहा. पण 'ये' म्हणून लिहू नका." दप्तर भरता भरता थांबली आणि म्हणाली, "तारीख लिहा."

म्हणून वर तारीख लिहिली आहे. पाच. अक्षर लागलं नसेल म्हणून पुन्हा लिहितो, पाच तारीख, दुसरा तास. 'ये' असं मी कुठंही लिहिलेलं नाही, हवं तर पत्र पुन्हा वाचून बघ.

तुला शाळेतून रजा मिळेल का, गाडीत जागा मिळेल का, तुझ्या गुडघ्याला प्रवास झेपेल का, याचा विचार करून माझं डोकं फुटायची वेळ आली आहे. आतली खोली झाडून ठेवली आहे. गादीला ऊन दाखवलं. आली नाहीस तर गादीचं काही बिघडत नाही, पण माझी वाट बघायची ताकद आता कमी झाली आहे, तेव्हा जे काय असेल ते लवकर कळव. पत्राला वेळ लागतो, फोनच कर. शनिवारी संध्याकाळी कर. ती त्या वेळी घरात असते.

मी भाजी आणायला जाणार आहे. मला यायला बराच उशीर होईल.

तुझे
नाना